सापडलेल्या वस्तूंची मावशी

माझी दुसरी फळी मधोमध चार मिलिमीटर खाली वाकलेली आहे. हे माप विज्ञानाच्या बाईंनी घेतलं. या टोकापासून त्या टोकापर्यंत त्यांनी दोरा ताणून धरला, मध्ये पट्टी उभी केली, आकडा वहीत लिहिला आणि शेजारी उभ्या असलेल्या शिपाईकाकांना म्हणाल्या, "इतकी वर्षं उचललेल्या ओझ्याच्या मानानं हे काहीच नाही." ते ऐकून मला बरं वाटलं, कारण त्याच महिन्यात मला भंगारात काढायचं घाटत होतं.

मित्रांनो, आधी माझी ओळख सांगते. मी एका शाळेच्या जिन्याखाली उभी असलेली जुनी लाकडी मांडणी. चार फळ्या, दोन बाजू आणि पाठ. दार नाही, कडी नाही, कुलूप तर नाहीच. मोडक्या बाकांच्या लाकडातून एका सुतारानं मला तीन दिवसांत उभं केलं. माझ्या तिसऱ्या फळीच्या खालच्या अंगाला कुणीतरी करकटकानं कोरलेलं 'उद्या परीक्षा' अजून वाचता येतं. ज्यानं ते कोरलं, त्याला आता स्वतःची नातवंडं असतील.

शाळेचे पहिले मुख्याध्यापक, त्यांना सगळे मोठे सर म्हणत, त्यांनी माझ्यासाठी एक नियम केला. सापडलेली वस्तू इथे आणून ठेवायची, हरवलेली इथून न्यायची. ठेवणाऱ्याला नाव विचारायचं नाही, नेणाऱ्याला अडवायचं नाही. तेव्हा एका शिक्षकांनी विचारलं, "आणि एखाद्यानं दुसऱ्याचीच वस्तू नेली तर?"

"नेईल एखादा," मोठे सर म्हणाले. "पण परत आणून ठेवायला त्याला जागा तरी राहील."

मुलांनी माझं नाव 'मावशी' ठेवलं. पट्टी गेली, डबा गेला, बूट गेला, एकच बूट बरं का, की उत्तर ठरलेलं असायचं: "मावशीकडे बघ." स्वतःच्या कपाळावर चढवलेला चष्मा माझ्या चारही फळ्यांवर शोधणारा एक मुलगा मला आठवतो. काखेत कळसा आणि गावाला वळसा! पाहुणे आले की मला दाखवलं जायचं. "आमच्याकडे कुलूप लागत नाही," असं सांगताना शिक्षकांची मान ताठ होत असे.

त्या काळाला आता सगळे सोन्याचे दिवस म्हणतात. मी तिथेच होते, म्हणून सांगते. एका वर्षी एक नवाकोरा स्वेटर तीन वेगवेगळ्या मुलांनी 'माझाच आहे' म्हणून नेला आणि तीनदा परत आणून ठेवला. खरा मालक चौथाच निघाला. आठवीतल्या एका मुलानं सापडलेलं मनगटी घड्याळ माझ्यावर आणून ठेवलं, तेव्हा मोठ्या सरांनी सगळ्या शाळेसमोर त्याची पाठ थोपटली. त्याच मुलानं त्याच वर्षी माझ्यावरून एक कंपासपेटी नेली. ती त्याची नव्हती. दुसऱ्या दिवशी घंटेआधी येऊन, इकडेतिकडे बघत, त्यानं ती जागेवर ठेवली. त्याला कुणी काही विचारलं नाही, कारण विचारायचं नाही असा नियमच होता.

तो मुलगा पुढे शिकला आणि याच शाळेत पर्यवेक्षक होऊन आला. त्याला घड्याळ आठवतं. कंपासपेटी तो विसरला असावा.

पर्यवेक्षक सरांचा डोळा फार तीक्ष्ण. मुलं पाठीमागे त्यांना 'दुर्बीण' म्हणत. माणूस वाईट नव्हता. शाळेवर त्यांचा जीव होता, आणि म्हणूनच शाळा बिघडते आहे असं त्यांना वाटे. त्यांनी माझ्याकडे बोट दाखवून मोठ्या बाईंना, म्हणजे आताच्या मुख्याध्यापिकांना सांगितलं, "आमच्या वेळी शंभरातल्या नव्वद वस्तू परत यायच्या. आता दहाही येत नाहीत. हल्लीच्या पोरांना लाजच उरलेली नाही. ही मांडणी काढा, लोखंडी कपाट आणा, वर कॅमेरा लावा."

विज्ञानाच्या बाई प्रयोगशाळेकडे निघाल्या होत्या. त्या थांबल्या. फार कमी बोलणारी बाई. त्यांनी एवढंच विचारलं, "नव्वद कुणी मोजल्या होत्या, सर?"

"मोजायला कशाला हवं? दिसतं की!"

"मला नाही दिसत," बाई म्हणाल्या आणि निघून गेल्या.

मोठ्या बाईंनी दोन आठवड्यांनी ठरवू असं सांगितलं. त्या दोन आठवड्यांत विज्ञानाच्या बाईंनी जे केलं, ते माझ्याशिवाय कुणाला कळलं नाही, असं तेव्हा मला वाटत होतं. त्यांनी चोवीस वस्तू जमवल्या. पेनं, पाकिटं, एक चेंडू, एक छत्री, एक कॅल्क्युलेटर. प्रत्येक वस्तूच्या तळाशी नखं रंगवायच्या लाल रंगाचा मोहरीएवढा ठिपका दिला. मग रोज दोन-तीन वस्तू कुठे कुठे सोडून दिल्या: मैदानाच्या कडेला, पाण्याच्या नळाशी, शिक्षकांच्या खोलीतसुद्धा. शाळा सुटली की त्या माझ्यापाशी येत, वस्तू उलटून ठिपका बघत आणि वहीत एक बारीक रेघ ओढत. परवानगी मात्र त्यांनी कुणाचीच घेतली नव्हती. आधी सांगितलं असतं तर बातमी फुटली असती, आणि बातमी फुटली की मोजमाप वाया.

पहिल्या आठवड्यात पंधरा वस्तू सोडल्या. बारा आल्या. उरलेल्या तीनपैकी चेंडूवर सातवीच्या वर्गात सामने सुरू होते. शिक्षकांच्या खोलीतलं पेन कुठल्याशा खिशात स्थिरावलं होतं. तिसरी वस्तू म्हणजे कॅल्क्युलेटर. तो शुक्रवारी खेळाच्या खोलीच्या खिडकीत ठेवलेला होता.

सोमवारी तो आला. आणि तिथूनच सगळं बिनसलं.

त्याला घेऊन आली नववीतली एक मुलगी. तिचा आवाज असा, की तिसऱ्या मजल्यावर ती कुजबुजली तरी खाली मला कळे. सगळे तिला 'भोंगा' म्हणत आणि तीही त्या नावाला खुशाल ओ देई. घंटेला दहा मिनिटं होती. तिनं दप्तरातून कॅल्क्युलेटर काढला, माझ्यावर ठेवला, दोन पावलं गेली, परत फिरली. कुठे सापडला ते चिठ्ठीवर लिहून खाली ठेवावं असं तिच्या मनात आलं असणार, कारण एका हातात तिनं पेन्सिल धरली होती. दुसऱ्या हातानं तिनं कॅल्क्युलेटर उचलला. दप्तर उघडंच होतं.

"काय चाललंय?"

दुर्बीण सर जिन्यावर उभे होते.

"सर, हा ठेवत होते."

"ठेवत होतीस की दप्तरात घालत होतीस? मी डोळ्यांनी पाहिलं."

"अहो सर, ठेवतच होते! शुक्रवारी खेळाच्या खोलीपाशी सापडला."

"शुक्रवारी? आणि आज सोमवार. दोन दिवस कुठे होता?"

मित्रांनो, इथे तिला खोटं बोलता आलं असतं. 'दप्तरात राहून गेला' एवढं पुरलं असतं. ती म्हणाली, "घरी होता. शनिवारी गणितं केली मी त्याच्यावर. मस्त चालतो. मग वाटलं, कुणीतरी शोधत असेल. म्हणून आणला."

"म्हणजे कबूल करतेस."

"वापरला ते कबूल करते, सर."

ही गोष्ट दुपारच्या सुट्टीपर्यंत शाळाभर झाली. तिखटमीठ लागून एका कॅल्क्युलेटरचे चार झाले. गोष्ट एवढ्यावरच थांबली असती, पण भोंगाची आई परिचारिका. तिची बदली दुसऱ्या गावच्या रुग्णालयात झाली होती आणि शनिवारी त्यांचं सामान हलणार होतं. शाळा सोडल्याचा दाखला शुक्रवारी तयार होणार होता. त्या दाखल्यात 'वर्तणूक' नावाचा एक रकाना असतो, एका शब्दाचा. तिथे 'असमाधानकारक' लिहायचं, असं पर्यवेक्षक सरांनी सुचवलं. नव्या शाळेनं आधीच कळवलं होतं: वर्तणूक 'चांगली' असेल तरच प्रवेश.

विज्ञानाच्या बाई त्या संध्याकाळी माझ्यापाशी आल्या. कॅल्क्युलेटर तिथे नव्हता, तो कार्यालयात जप्त होता. त्यांनी वही उघडली, पेन्सिल टेकवली आणि रेघ न ओढता तशाच उभ्या राहिल्या. चार दिवस उरले होते आणि नऊ वस्तू बाहेर सोडायच्या होत्या. आता बोललं तर प्रयोग तिथेच संपणार. शुक्रवारी मोजणी पूर्ण झाली की आकडेही मिळतील आणि मुलगीही सुटेल, असा हिशोब त्यांच्या चेहऱ्यावर मला वाचता आला. त्यांनी रेघ ओढली. तेरा.

मंगळवारी सरांनी शिपाईकाकांना माझ्यासमोर स्टूल टाकून बसवलं.

"मी काय हिचा पहारा करू?" काका कुरकुरले. "ही काय पळून जाणार आहे?"

"ही नाही. हिच्यावरच्या वस्तू पळतील."

"वस्तू असतील तर पळतील ना, सर."

काकांचं खरं होतं. मंगळवारी माझ्यावर काहीच आलं नाही. मुलं जिन्यावरून उतरताना माझ्यापासून दोन हात लांबून जाऊ लागली. "मावशीला हात लावलास तर चोर होशील," असा नवा खेळ पाचवीच्या मुलांनी काढला. इतक्या वर्षांत माझ्या फळ्या कधी एवढ्या मोकळ्या नव्हत्या. मोकळ्या फळीवर धूळ फार पटकन दिसते.

बुधवारी मधल्या सुट्टीत विज्ञानाच्या बाई जिन्याच्या वळणावर उभ्या होत्या. खाली, माझ्यापासून सात-आठ पावलांवर, त्यांनीच सोडलेलं एक जांभळं पाकीट पडलं होतं. दहावीतली एक उंच मुलगी आली, वाकली, तिनं पाकीट उचललं. माझ्याकडे पाहिलं. स्टुलाकडे पाहिलं. मग ते पाकीट तिनं जिथे होतं तिथेच, त्याच फरशीवर, अगदी अलगद परत ठेवलं आणि हात पुसत निघून गेली.

बाईंच्या हातातली पेन्सिल थांबली. त्यांच्या वहीत दोनच रकाने होते: 'परत आली' आणि 'परत आली नाही'. ही मुलगी कुठल्याच रकान्यात बसत नव्हती.

त्याच सुट्टीत भोंगानं त्यांना गाठलं. आवाज इतका खाली गेला होता की मलाच कान द्यावा लागला.

"बाई, तुम्ही तरी सांगा ना सरांना. मी तशी नाहीये."

"मला माहीत आहे."

"मग सांगा ना!"

"शुक्रवारपर्यंत थांब," बाई म्हणाल्या.

"शुक्रवारी काय होणार, बाई? शुक्रवारी तर सही होणार." तिनं दप्तराचा पट्टा खांद्यावर ओढला. "आईला अजून नीटसं माहीत नाहीये. तिची या आठवड्यात दुहेरी पाळी आहे. तिला वाटतंय, दाखला म्हणजे नुसता कागद घेऊन यायचाय."

बाईंनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. ती खांदा सोडवून निघून गेली.

गुरुवारी शाळा सुटल्यावर काका स्टुलावरून उठले आणि त्यांनी माझ्यावरून फडकं फिरवलं. बाई उभ्याच होत्या.

"बाई," काका फडकं झटकत म्हणाले, "माझ्या नातीच्या नखांना असाच लाल रंग असतो."

बाईंनी वही मिटली.

"मागच्या आठवड्यात बऱ्याच वस्तूंना लागलेला दिसला. पुसताना कळतं. म्हटलं, असेल काहीतरी शास्त्राचं. मी काही कुणाला बोलणार नाही. पण मी गप्प, तुम्ही गप्प, आणि नाव लागतंय पोरीचं."

"एकच दिवस राहिलाय, काका. आकडे हातात नसतील तर कोण ऐकणार माझं?"

"आकडे कुठून येणार? तीन दिवसांत मुंगीसुद्धा चढली नाही हिच्यावर."

मित्रांनो, मी लाकूड आहे. मला पॉलिश नको, पाहुण्यांकडून कौतुकही नको. माझं मागणं एवढंच आहे. एखादा हात काही परत ठेवायला येतो, तेव्हा तो आधीच घाबरलेला असतो. त्यातल्या काही हातांनी ती वस्तू एक रात्र स्वतःजवळ ठेवलेली असते. हे मी पहिल्या वर्षीही पाहिलं आणि परवाही पाहिलं. त्या हाताला पकडू नका. तुम्ही त्याला पकडलंत, की पुढचे शंभर हात खिशातच राहतात. मग मोकळ्या फळीकडे बोट दाखवून तुम्ही म्हणता, हल्लीची पोरं बिघडली.

शुक्रवार उजाडला. दुपारी मोठ्या बाई म्हणाल्या, "जागेवरच बघू, नेमकं काय झालं ते." म्हणून सगळे माझ्यासमोर जमले. भोंगाची आई कामावरून तशीच आली होती. पांढरा गणवेश, छातीशी उलटं टाचलेलं घड्याळ, पायांत मळलेले पांढरे बूट. तिला आता सगळं समजलेलं होतं.

"तू उचललास?" तिनं मुलीला सगळ्यांदेखत विचारलं.

"इथून नाही उचलला. खिडकीत सापडला. दोन दिवस वापरला."

"मग तेवढंच सांग. कमी नको, जास्त नको."

"हे बघा, ताई," मोठ्या बाई समजुतीनं म्हणाल्या, "तिनं माफीपत्र लिहून दिलं, चोरी केली असं मान्य केलं, तर आपण शेरा सौम्य करू. 'समाधानकारक' लिहू."

"त्यावर प्रवेश मिळतो का?"

मोठ्या बाईंनी हातातला दाखला उलटापालटा केला.

"वापरल्याची माफी लिहिते," भोंगा म्हणाली. "चोरला असं नाही लिहिणार."

"ऐकलंत?" पर्यवेक्षक सर म्हणाले. "माफीसुद्धा निवडून मागायची! आम्ही असं बोललो असतो तर घरी जेवायला मिळालं नसतं."

"सर, ती खरं बोलली म्हणून अडकली," आई म्हणाली. तिचा आवाज मुलीसारखा मोठा नव्हता, पण जिनाभर ऐकू गेला. "दप्तरात राहिला म्हणाली असती तर सुटली असती. असंच ना? आता हे मी तिला कसं शिकवू, तुम्हीच सांगा."

सरांचा चेहरा क्षणभर ओशाळला. मग त्यांनी माझ्या मोकळ्या फळ्यांकडे हात केला. "एका मुलीचा प्रश्न नाही हा. चार दिवस झाले. एक वस्तू आली नाही इथे. एकही नाही! याला घसरण म्हणायचं नाही तर काय म्हणायचं?"

विज्ञानाच्या बाई भिंतीला टेकून उभ्या होत्या. वही त्यांनी दोन्ही हातांनी छातीशी धरली होती. चोवीसपैकी तेरा, हा आकडा त्यात होता. सोमवारआधी सोडलेल्या पंधरापैकी तेरा, नंतर सोडलेल्या नऊपैकी शून्य, हेही होतं. शिपाईकाका त्यांच्याकडे पाहत नव्हते. ते स्टुलाच्या पायाकडे पाहत होते.

मोठ्या बाईंनी दाखला माझ्या सगळ्यात वरच्या फळीवर ठेवला. कागद मला जाणवलासुद्धा नाही, इतका हलका होता. वर्तणुकीचा रकाना अजून कोरा होता. त्यांनी पेनाचं टोपण काढलं. "सगळ्यांना मान्य आहे ना?" त्यांनी सवयीनं विचारलं, आणि पेन टेकवलं.

"थांबा."

सगळ्यांनी मागे वळून पाहिलं. विज्ञानाच्या बाई एक पाऊल पुढे आल्या. वही त्यांनी उघडली नाही.

"लिहू नका, मोठ्या बाई. तो कॅल्क्युलेटर माझा आहे. मुलं वस्तू परत आणतात का ते मोजायला मीच तो खिडकीत ठेवला होता. कुणाला न विचारता. हिनं तो परत आणला." त्यांनी भोंगाकडे पाहिलं, मग तिच्या आईकडे. "हे मला सोमवारपासून माहीत होतं, आणि मी गप्प बसले."